नाका उघडला, येणेजाणे राहिले

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. म्हणून कोरोनाचा हिशेब एका निराळ्या रकान्यात मांडतो : माणूस दिवसाकाठी किती जणांना समोरासमोर भेटतो?

ब्रिटनमध्ये हे मोजले गेले. एरवी सरासरी १०.८ भेटी, मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्या २.८ वर आल्या. आपल्या गल्लीत तर नळाला पाणी येईपर्यंतच दहा माणसे होतात!

आपल्या पणजोबांनी प्लेग पाहिला. १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाचाच, २०२० मध्ये तोच बाहेर काढला. पण प्लेगात लोक मिळून गाव सोडत, शिवारात झोपड्या घालून राहत. घर सुटे, शेजार सुटत नसे. कोरोनात घर तेच राहिले, शेजार सुटला.

आपल्याकडे त्यात नाक्याची भर. १९५६ साली नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. कागल-गडहिंग्लजच्या लेकी आपल्याकडे, आपल्या तिकडे. त्या रेघेला २०२० मध्ये कोगनोळीला खरेखुरे फाटक लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. मामाच्या तेराव्याला यायचे तरी भाच्याने आधी नाकात काडी घालून घ्यायची! बेळगावचे खासदार, केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीत कोरोनाने गेले. अंत्यसंस्कारही तिकडेच झाले. त्यांच्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक झाली, तेव्हा प्रचाराची गर्दी चालली. लग्नातली माणसे मात्र मोजली जात होती. असो.

पुढे निर्बंध उठले. बाजार लगेच भरला. शिवजयंतीचे चित्ररथ २०२० आणि २०२१ ला निघाले नव्हते, तेही निघाले. लग्ने तर दुप्पट थाटात. गर्दी परत आली. आली नाही ती विनाकारण भेट. समाचारालासुद्धा आता फोनच होतो.

बँकेत हे रोज दिसते. पूर्वी निवृत्त मास्तर पासबुक भरायला अकराला येत आणि एकला जात. काम पाच मिनिटांचे. बाकी वेळ तंबाखूचा दर काय, कुणाची मुलगी कुठे दिली, याची चर्चा. कितीतरी स्थळे त्या बाकावर निघाली. आता खाते मुलाच्या मोबाइलवर दिसते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही २०२१ पासून मोबाइलपुढे चेहरा धरून देता येतो. अंथरुणाला खिळलेल्यांची सोय झाली, हे मान्य. पण चालत्या-फिरत्या म्हाताऱ्याचे घराबाहेर पडण्याचे निमित्तही गेले.

मला जास्त काळजी मुलांची वाटते. सुट्टीत मामाकडे राहायची गोडी लागते त्याच वयात दोन उन्हाळे बुडाले. मामा व्हिडिओ कॉलवर ओळखीचा, त्याचे घर अनोळखी. अशा मुलाला कागल दुसरे राज्यच वाटणार. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा आहे, तिथे वकील कागद मांडतील. मामाच्या माळ्यावर कोण झोपणार?

मंडळाला एक सुचवतो. महिन्यातून एका रविवारी हे सभागृह नुसते उघडे ठेवा. नातवंडांना घेऊन या, पलीकडच्या पाहुण्यांनाही बोलवा. कार्यक्रम नको, सत्कार नको, भाषण तर नकोच. चहाचा खर्च वर्गणीतून भागेल. हिशेब मी ठेवतो.