निवडणे



मराठी घराला निवडणे नवे नाही. तांदळातील खडा शिजवण्यापूर्वीच वेचला जातो; शिजलेल्या भातातून तो सापडतो तो दातांनाच. कचऱ्याचेही तसेच आहे. ओले आणि सुके एकदा कालवले गेले, की कागद भिजतो, खरकट्यात काच मिसळते आणि दोन्ही वाया जातात.

इंदूर शहराने दारोदारी येणाऱ्या गाडीत वेगवेगळे कप्पे केले आणि २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक मिळवला. २०२२ साली तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून जैव-सीएनजी करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. पण त्या यंत्राचे अन्न स्वयंपाकघरातच वेगळे व्हावे लागते.

पुण्यात हेच काम माणसांचे हात करतात. १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरचा कचरा उचलणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. पिशवीत उघडी टाकलेली फुटकी काच अखेर त्यांच्याच बोटांत शिरते.

ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. तरीही नियम उंबरठ्यापाशी थांबतो. पुढचे काम घराच्या संस्काराचे. काच जाड कागदात गुंडाळून वेगळी देणाऱ्या घराला ते हात कदाचित कधी दिसणार नाहीत. ते शाबूत मात्र राहतील.