लेकराचा ताप आणि हृदयाची झडप

मी फौजेतून निवृत्त झालो, राहायला तंजावूरला. मी डॉक्टर नाही. पण ज्यांच्या मुलांच्या हृदयात दोष आहे, त्या आईबापांशी आज बोलायचं आहे.

काही मुलांच्या हृदयाला जन्मतः छिद्र असतं, काहींची झडप संधिवाताच्या तापाने खराब झालेली असते. किडका दात, सुजलेली हिरडी किंवा चिघळलेली जखम यांतून जंतू रक्तात शिरतात आणि अशा जागी ठाण मांडतात. याला एंडोकार्डायटिस म्हणतात. झडपेवर जंतू आणि रक्ताच्या गुठळ्यांचे गोळे वाढतात. त्यातला तुकडा सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला, की लहान मुलालाही पक्षाघात होतो.

शत्रू चोरपावलांनी येतो. बारीक ताप रेंगाळतो, भूक जाते, वजन उतरतं, मूल दमतं. घरचे म्हणतात, हवा बदलली. मग दुकानातून अँटिबायोटिक आणून देतात. इथेच घात होतो. औषध आधी पोटात गेलं, तर रक्ताच्या कल्चर तपासणीत जंतू सापडेनासा होतो. म्हणून आधी रक्त तपासायला द्या, औषध डॉक्टर ठरवतील. उपचार बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून चालतो. तो अर्धवट सोडू नका. योग्य औषध सुरू झालं, की पक्षाघाताचा धोका झपाट्याने उतरतो.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा झटका आला, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. पोहोचताच पहिलं वाक्य हे बोला: "याच्या हृदयात दोष आहे, ताप येत होता." कारण गुठळी विरघळवणारं औषध या आजारात मेंदूत रक्तस्राव घडवू शकतं.

सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वी इथे रोग्याची नोंद ठेवत होते. आपण एक कागद ठेवू शकतो. हृदयाचा दोष, झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर, सगळं त्यावर लिहा. दात काढण्याआधी तो दंतवैद्याला दाखवा. काही मुलांना आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. रोज दोनदा दात घासून घ्या.

आणि दोष आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत, सरकारी शाळेत पथक येईल, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

जय हिंद.