हेतू आणि पुरावा
(पिंपरी-चिंचवड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरंभीच एक कबुली देतो. दोन महिन्यांपूर्वी चाकणच्या बाजूला कामगारांच्या एका सभेत मी गांधीहत्येच्या कटावर बोललो. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाचा हवाला मी मोठ्या आवेशाने दिला. सभा आटोपल्यावर एका तरुण कामगाराने शांतपणे विचारले, "भाऊ, तो अहवाल आपण वाचला आहे का?" मी वाचलेला नव्हता, त्यातील उतारे दुसऱ्यांच्या पुस्तकांत वाचले होते. तो पुढे म्हणाला, "मी गोपाळ गोडश्यांचे 'गांधीहत्या आणि मी' वाचले आहे. लिहिणारा स्वतःच आरोपी, म्हणून ते सोडून द्या असे आपण सांगता. मग आपणही एका पक्षाचेच ना?"

त्या संध्याकाळी मला उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी दिल्लीला जाण्याआधी येथल्याच चापेकर चौकात थोडा वेळ थांबू.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला मरण पावला. सरकारला यामागे मोठा कट दिसत होता आणि त्याचे टोक टिळकांपर्यंत पोचवायचे होते. टिळकांना शिक्षा झाली ती 'केसरी'तील लिखाणाबद्दल, राजद्रोहाची. खुनाशी त्यांचा संबंध सरकारला सिद्ध करता आला नाही. पुढे १९२० च्या दशकात सदाशिव विनायक बापटांनी टिळकांच्या आठवणी आणि आख्यायिका खंडशः प्रसिद्ध केल्या. त्या काळापर्यंत हवा पालटली होती. जो संबंध १८९७ साली फासावर नेणारा होता, तो आता भूषणाचा झाला होता. तेव्हा अशा आठवणी वाचताना दोन्ही काळांतील सांगणाऱ्यांची गरज ध्यानात घ्यावी लागते.

आता मूळ कागदाकडे येऊ. दामोदर चापेकरांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने छापली, त्यांच्या १९५८ च्या दुसऱ्या खंडात ते इंग्रजीत आहे. मराठीतही ते प्रसिद्ध झाले आहे. हा मजकूर पोलिसांच्या ताब्यातील, फाशी समोर दिसत असलेल्या माणसाचा आहे. एवढ्यावरून आपल्यातले काही मित्र म्हणतात, हे पोलिसांनीच लिहवून घेतले असणार. का म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्यात दामोदरपंतांनी सुधारकांविषयी आणि मुसलमानांविषयी जे लिहिले आहे ते वाचवत नाही. चौकातल्या पुतळ्याशी ते जुळत नाही. उलट दुसरे काही मित्र तेवढाच भाग उचलतात आणि म्हणतात, हे निव्वळ धर्मवेडे होते, प्लेगचे केवळ निमित्त. दोघेही कागदाला आपल्या सोयीने कापतात.

आत्मवृत्तावरून एवढे तरी म्हणता येते: मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे दामोदरपंत स्वतःच सांगतात, आणि ती गोष्ट रँड पुण्यात येण्यापूर्वीची आहे. म्हणजे केवळ प्लेगच्या जुलमातून हा खून निघाला, हे शाळेत शिकलेले उत्तर अपुरे आहे. पण पुण्यात इतके गोरे अधिकारी असताना रँडच का, याचे उत्तर सनातनीपणातून मिळत नाही. त्यासाठी मार्च १८९७ पासून घरोघर शिरलेल्या सोल्जरांकडेच यावे लागते. फासावर जाणाऱ्या माणसाला आपले आयुष्य एका सूत्रात ओवून दाखवावेसे वाटते, हा दामोदरपंतांचा हेतू मी मान्य करतो. त्या हेतूमुळे त्यांच्या कोणत्या वाक्यापाशी सावध व्हायचे ते कळते. ते वाक्य खरे की खोटे, हे मात्र दुसरा पुरावा लावूनच ठरते.

याच प्रकरणात गोखल्यांची गोष्ट येते. ती मला अधिक शिकवून गेली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये सांगितले. परत आल्यावर पुरावा मिळेना, कोणी पुढे येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल त्यांना भित्रे म्हटले गेले. माझ्या मते, जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे हा भित्रेपणा नव्हता. मात्र त्या माफीमुळे अत्याचार झालेच नाहीत असेही सिद्ध होत नाही. त्या दिवसांत कोणती स्त्री गोऱ्या अधिकाऱ्यासमोर उभी राहून नाव सांगणार होती?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. गोडसे पक्ष सांगतो की खून पंचावन्न कोटींसाठी झाला. आपण म्हणतो, हे मागाहून रचलेले समर्थन आहे. मग तारखा पाहू. गांधींनी उपोषणाचा निश्चय १२ जानेवारी १९४८ च्या प्रार्थनासभेत जाहीर केला. रक्कम देण्याचा निर्णय १५ तारखेला जाहीर झाला. बडगे यांच्या साक्षीप्रमाणे आपट्यांनी पुण्यात 'हिंदुराष्ट्र'च्या कचेरीत त्यांच्याकडे पिस्तुले आणि हातबाँब मागितले ते १० जानेवारीला. आपला मुद्दा येथे जिंकला असे वाटते. पण बडगे माफीचा साक्षीदार होते. स्वतःची मान वाचवण्याचा हेतू त्यांच्याइतका कोणाला असणार? शिवाय शस्त्रे विकणे हा त्यांचा धंदाच होता, आणि त्या दिवसांत हैदराबादसाठीही शस्त्रे जात होती. म्हणून केवळ या तारखेवर इमारत उभी करू नये. त्याहून भक्कम कागद १८ जानेवारीचा आहे. ज्या सात अटी मान्य झाल्यावर उपोषण सुटले त्या दिल्लीतील मुसलमानांच्या सुरक्षिततेच्या, मशिदींच्या आणि मेहरौलीच्या उरुसाच्या होत्या. पंचावन्न कोटींचा त्यांत उल्लेख नाही.

सावरकरांविषयी तर अधिकच काटेकोर राहिले पाहिजे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, कारण बडग्यांच्या साक्षीला स्वतंत्र पुष्टी नव्हती. पुढे नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यातील एका समारंभात ग. वि. केतकरांनी नथुरामचा बेत आपल्याला आधी कळला होता असे जाहीर सांगितले. त्यावर गदारोळ होऊन चौकशी आयोग नेमला गेला. कपूर आयोगाने १०१ साक्षीदार तपासले, ४०७ कागद पाहिले आणि सप्टेंबर १९६९ मध्ये अहवाल दिला. सावरकरांचे अंगरक्षक कासार आणि चिटणीस दामले यांचे मार्च १९४८ मधील जबाब आयोगापुढे आले. आयोगाचा निष्कर्ष सावरकर आणि त्यांच्या गटाच्या कटाकडे गेला. पण खटल्यात त्या दोघांची साक्ष झाली नव्हती, त्यांची उलटतपासणी झाली नव्हती, आणि सावरकर १९६६ मध्येच वारले होते. आपण व्यासपीठावर अर्धेच सांगतो. विरोधकही अर्धेच सांगतात, दुसरे अर्धे. दोन्ही अर्धे एकत्र मांडल्याने आपली बाजू दुबळी होते असे मला वाटत नाही. ते जबाब न्यायालयापुढे का आणले गेले नाहीत, हा खरा प्रश्न तेव्हाच उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टींत एवढे काय अडले आहे? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. दाभोलकरांना मारले. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधार कोण, हे आपण आजही विचारतो आहोत. उद्या या प्रश्नावर बोलताना आपण ऐकीव नावे घेतली आणि ती टिकली नाहीत, तर सूत्रधाराचा प्रश्नच लोक आपल्या तोंडून ऐकेनासे होतील.

त्या तरुणाला मी पुन्हा भेटलो. आता दर रविवारी संध्याकाळी युनियनच्या खोलीत आम्ही कपूर अहवाल वाचतो. इंग्रजी जड जाते, म्हणून एकजण वाचतो आणि एकजण मराठीत सांगतो. गोपाळ गोडश्यांचे पुस्तकही टेबलावर शेजारीच ठेवलेले असते. तो तरुण ते मुद्दाम आणतो. सध्या केतकरांनी बाळूकाका कानिटकरांना काय सांगितले आणि कानिटकरांनी मुख्यमंत्री खेरांना काय कळवले, या भागात आम्ही अडकलो आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सहाच्या आत यावे. खोलीत खुर्च्या अकराच आहेत.