एक गाभा, अनेक गाठोडी

इंदापूर तालुक्यातील भिगवणला ब्रॉडगेज आणि शेजारच्या बारामतीला पूर्वी नॅरोगेज. म्हणून बारामतीचा माल दौंडला उतरवून पुन्हा भरावा लागे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत आजही तोच प्रकार चालतो. डेबियनसाठी एक गाठोडे, फेडोरासाठी दुसरे! १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या गाभ्याचा दंडक असा की, जुना प्रोग्रॅम मोडू नये. मोडतो तो भोवतालच्या सामायिक लायब्रऱ्या बदलल्यामुळे. फ्लॅटपॅक ही शिदोरी प्रोग्रॅमबरोबरच बांधून देते. जागा अधिक लागते. शिवाय शिदोरीतील दोष बांधणाऱ्यानेच वेळेवर काढला पाहिजे. तरीही आम्ही म्हणतो, हे ओझे पत्करावे. मराठीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एकट्या माणसाने एकच माल कितीदा उतरवावा आणि कितीदा भरावा?