सनद मिळाल्यानंतरची तीन वर्षे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



‘कायद्याची पदवी घेतल्यावर पुढे काय?’ हा आजचा विषय आहे. मी वकील नाही, शिक्षक आहे. तेव्हा कायद्याची कलमे उलगडून सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु दहावीच्या वर्गातून बाहेर पडलेली मुले पुढे कोठे पोहोचतात आणि कोठे अडतात, हे शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. आमच्या हाताखालून गेलेली काही मुले-मुली एलएल.बी. झाली. त्यांपैकी काही आज कोर्टात उभी राहतात. काहींचा काळा कोट मात्र वर्षा-दोन वर्षांतच खुंटीला लागला. कोणी आखातात गेला, कोणी नातेवाइकाच्या दुकानात बसला, कोणा मुलीचे लग्न झाले आणि सनद कपाटात राहिली. या मुलांची बुद्धी कमी पडली नव्हती. कमी पडला तो घरच्यांचा धीर. त्या धीराविषयीच मला आज बोलायचे आहे.

प्रथम पायऱ्या समजून घेऊ. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा केला म्हणजे कोणी वकील होत नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. आपल्यासाठी ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. या नोंदणीलाच आपण सनद म्हणतो. सनदेसाठी फार पैसे लागतात, अशी भीती अनेक घरांत आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक नोंदणी शुल्क बार कौन्सिलांना घेता येणार नाही. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते वेगळे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी कौन्सिलचे ताजे परिपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा येते. प्रश्न शंभर, सर्व पर्यायी उत्तरांचे. कायद्याची मूळ पुस्तके, टिपा न लिहिलेली, परीक्षेला जवळ बाळगता येतात. त्यामुळे पाठांतरापेक्षा कोणते कलम कोठे आहे हे ठाऊक असणे महत्त्वाचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता व पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले आहेत. थोरल्या भावाची जुनी पुस्तके धाकट्याने वापरावी ही आपल्या घरांची रीत चांगली आहे; पण येथे ती पुरेशी नाही. जुने खटले जुन्या कायद्याने चालू असल्याने जुने पुस्तक टाकू नये, आणि नवे घेतल्यावाचून राहू नये.

येथवरचा रस्ता अभ्यासाचा आहे आणि आपली मुले तो पार करतात. खरी परीक्षा यापुढे आहे. तिला प्रश्नपत्रिका नाही आणि निकालाची तारीखही नाही.

सनद मिळाल्यावर मुलगा एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून लागतो. सकाळी ऑफिसात जाऊन दिवसाच्या फायली काढायच्या. अकराच्या सुमारास कोर्टात हजर राहायचे. बोर्डावर आपली केस कितवी आहे ते पाहायचे. पुकारा झाला आणि सिनिअर दुसऱ्या कोर्टात असले तर उभे राहून तसे सांगायचे, मुदतीचा अर्ज द्यायचा, पुढची तारीख डायरीत लिहायची. नकलेसाठी अर्ज करायचा. रोजनामा वाचायचा. दावा कसा लिहितात, कैफियत कशी देतात, पुरसीस म्हणजे काय, हुकूमनामा झाल्यावर दरखास्त का लावावी लागते, हे कॉलेजच्या वर्गात जेमतेम कळते. ते कळते कोर्टाच्या बाकावर बसून दुसऱ्याचा उलटतपास ऐकताना. चांगला ज्युनिअर पहिल्या वर्षी बोलतो थोडे आणि ऐकतो फार. शिरस्तेदार, बेलिफ, वकिलांचे जुने कारकून यांच्याकडूनही तो शिकतो, कारण कोर्टाची वाट त्यांच्या पायाखालची असते.

सिनिअर निवडताना ‘कोणाची गाडी मोठी’ हे पाहू नये. जो स्वतः साक्षी-पुरावा चालवतो, ज्युनिअरकडून मसुदे लिहून घेतो आणि लाल शाईने दुरुस्त करून परत देतो, तो खरा गुरू. असा मिळाला तर निदान दोन वर्षे त्याला सोडू नये. दर सहा महिन्यांनी ऑफिस बदलणाऱ्याच्या हाती एकही केस आरंभापासून शेवटपर्यंत लागत नाही.

आता पैशाची गोष्ट. ती टाळून चालणार नाही. एका पालकांनी मला सरळ विचारले, “सर, पोरगा वकील झाला म्हणता, मग महिन्याला घरात किती देणार?” प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कटू आहे. पहिल्या वर्षी बहुधा काही नाही, किंवा येण्या-जाण्याचा खर्च निघेल एवढेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तालुक्याच्या गावी जेथे सिनिअरचीच मिळकत बेताची, तेथे ती पाळली जाईल असे धरून संसाराचा हिशेब मांडू नये.

शिवाय सनदधारकाला दुसरी पूर्णवेळ पगाराची नोकरी करता येत नाही, स्वतः धंदा चालवता येत नाही आणि आपली जाहिरातही करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांतच तसे आहे. म्हणजे ‘सकाळी कोर्ट, संध्याकाळी दुकान’ हा मार्ग बंद. हे पालकांना आधी ठाऊक असावे; नाहीतर सनद मिळाल्यावर घरात वाद सुरू होतात.

माझे सांगणे एवढेच की, ही तीन वर्षे कमाईची समजू नका, शिक्षणाची समजा. एलएल.बी. तीन वर्षांचे असेल तर मनात सहा वर्षांचे धरा, पाचाचे असेल तर आठाचे. डॉक्टर होणाऱ्या मुलासाठी आपण इतकी वर्षे थांबतो आणि अभिमानाने थांबतो. वकील होणाऱ्यासाठी का थांबू नये? समजा, ज्युनिअरला प्रवास, पुस्तके, चहापाणी व कपडे यांसाठी दरमहा ५,००० रुपये लागले. तीन वर्षांचे १,८०,००० होतात. रक्कम लहान नाही. पण मंडप, रोषणाई आणि दावतीवर आपण एका दिवसात काय खर्चतो ते प्रत्येकाने आपल्या मनाशी ताडून पाहावे. एक दावत साधी केली तर एक वकील उभा राहतो.

या तीन वर्षांना आता आणखी एक मोल आले आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. हा अनुभव तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजावा, असेही त्यात म्हटले. आपल्या राज्यात ही परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. ज्या मुलाला न्यायाधीश व्हावयाचे आहे त्याने जाहिरातीतील अट बारकाईने वाचावीच. पण कोर्टाकडे पाठ फिरवून केवळ खोलीत बसून अभ्यास करण्याचे दिवस गेले, हे ओळखावे. सरकारी अभियोक्ता, बँका व कंपन्यांचे विधी विभाग हे मार्गही आहेत. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीसाठी सात वर्षांच्या वकिलीची अट तर राज्यघटनेतच आहे. बहुतेक वाटा कोर्टाच्या पायरीवरूनच जातात.

विद्यार्थी मित्रहो, मोठी माणसे एका उडीत मोठी झाली नाहीत. न्यायमूर्ती फातिमा बीवी यांचे उदाहरण घ्या. केरळमधील पत्तनंतिट्टा या गावची ही मुलगी. वडिलांनी तिला कायद्याकडे वळवले. १९५० साली तिने सनद घेतली. १९५८ साली ती मुन्सिफ, म्हणजे न्यायदानाच्या सर्वांत खालच्या पायरीवर लागली. त्यापूर्वीची आठ वर्षे वकिलीची होती. तेथून जिल्हा न्यायाधीश, मग उच्च न्यायालय, आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. सनदेपासून तेथवर ३९ वर्षे लागली. आपल्या नागपुरात १९३० साली वकिली सुरू करणारे मोहम्मद हिदायतुल्ला १९६८ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. मुंबई हायकोर्टातील पहिले भारतीय बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांनी १८६७ मध्ये वकिली सुरू केली आणि १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. वकील आणि शाळा यांचे नाते आपल्या समाजात इतके जुने आहे.

माता-भगिनींना एक खास विनंती. वारसाहक्क, मेहर, पोटगी, मुलांचा ताबा या गोष्टी आपल्या बहिणी परक्या पुरुषापुढे मोकळेपणाने बोलत नाहीत. बाई वकील समोर असेल तर बोलतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. हक्क आहे, पण तो वापरायला लावणारी आपल्यातली मुलगी तेथे हवी. म्हणून मुलीचे लग्न ठरवताना शिक्षणाबरोबर वकिलीचीही बोली करा. सनद कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे.

कोणी म्हणतात, वकिली म्हणजे खोट्याचा धंदा, आपल्या दीनदार घरात नको. खोटे बोलणारा कोणत्याही धंद्यात खोटेच बोलतो. न्यायाच्या बाजूने उभे राहावे, मग तो स्वतःच्या माणसांविरुद्ध का जाईना, ही तर आपल्या दीनची शिकवण आहे. अशिलाला खरी स्थिती सांगणे, घेतलेल्या पैशाची पावती देणे, त्याचे गुपित राखणे, एवढे सांभाळले तर या व्यवसायाइतकी खिदमत करण्याची संधी क्वचितच मिळते. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’, आधारवर ‘शेक’ आणि सातबाऱ्यावर तिसरेच नाव, असे कागद घेऊन माणसे आमच्या शाळेत खेटे घालतात. त्यांना लागतो तो घरचा, विश्वासाचा, कागद जाणणारा माणूस.

आता भाषेविषयी शिक्षक म्हणून दोन शब्द. तालुका व जिल्हा कोर्टांत मराठीशिवाय गत्यंतर नाही. जबाब, तक्रार, फेरफार, खरेदीखत सारे मराठीत. उच्च न्यायालयात इंग्रजी. उर्दू माध्यमाच्या मुलांनी यामुळे दबून जाऊ नये. वकील, दावा, कैफियत, तारीख, मसुदा, रोजनामा, हुकूमनामा हे कोर्टाच्या मराठीतील शब्द अरबी-फारसीतूनच आलेले आहेत. हा ठेवा तुमच्या ओळखीचा आहे. त्याला शुद्ध मराठी लेखनाची जोड द्या आणि रोज इंग्रजीतील एक निकाल वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता संगणकावर आणि मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. पुस्तके महाग आहेत ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

आपल्या भागाला तर आज नवी संधी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तेथे चालू लागली. आजवर रत्नागिरीच्या किंवा सांगलीच्या मुलाला हायकोर्टाची वकिली करायची तर मुंबईत डोके टेकायला जागा शोधावी लागे. ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे. पण जागा रिकामी आहे तोवरच जो तयारीने जाईल त्याला ती मिळेल.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे एक सूचना ठेवतो. आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांना दरवर्षी बक्षिसे देतो, ते उत्तमच. त्याबरोबर सनद घेतलेल्या दोन मुलांना आणि दोन मुलींना छत्तीस महिने दरमहा ठराविक रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून द्यावी. पाचव्या वर्षापासून त्यांनी ती सवडीने फेडावी, म्हणजे त्याच पैशावर पुढचे चौघे उभे राहतील. ग्रंथालयात एक कपाट कायद्याच्या नव्या पुस्तकांचे करावे. आणि तालुका विधी सेवा समितीच्या सहकार्याने वर्षातून दोनदा शाळेच्या हॉलमध्ये कायदेविषयक शिबिर भरवावे. यांतील एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

पालकहो, मुलाने सनद हातात घेऊन तुमच्यापुढे उभे राहिल्यावर ‘कमाई कधी?’ हे विचारण्याआधी ‘आज कोर्टात काय शिकलास?’ हे विचारा. तीन वर्षे रोज हा प्रश्न विचारणारे घर ज्याच्या पाठीशी आहे, त्याचा कोट खुंटीला लागणार नाही.