धर्मश्रद्धा आणि १५२५ चा शेतकरी उठाव
(अभ्यासवर्गातील भाषण)



एंगल्सच्या ‘जर्मनीतील शेतकरी युद्ध’ या ग्रंथाचे भाषांतर करताना एका शब्दापाशी माझी लेखणी अडली. १८४८ ची क्रांती पराभूत झाल्यावर, १८५० साली एंगल्सने १५२५ च्या उठावाकडे वळून पाहिले. त्या काळच्या धार्मिक वादांमागे वर्गहिते उभी होती, धर्म हे त्यांचे आवरण होते, असे त्याने दाखविले. इतिहासात केवळ धर्मशास्त्र्यांची भांडणे पाहणाऱ्यांना ते चोख उत्तर होते. परंतु ‘आवरण’ म्हटले की ते काढून बाजूस ठेवता येईल असे वाटते. तसे येते काय?

मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांच्या बारा मागण्या तयार झाल्या. गावाने आपला धर्मोपदेशक स्वतः निवडावा. धान्याचा दशमांश देऊ, परंतु तो उपदेशकाच्या निर्वाहास व गोरगरिबांस मिळावा. गुरांवरील दशमांश मुळीच देणार नाही, कारण जनावरे ईश्वराने माणसाच्या मुक्त वापरासाठी निर्मिली. तिसरी मागणी सर्वांत तेजस्वी: ख्रिस्ताने मेंढपाळापासून थोरामोठ्यांपर्यंत सर्वांस सारखेच मुक्त केले आहे, तेव्हा आम्ही कोणाचे भूदास नाही.

यातून श्रद्धा वजा केली तर काय उरते? जुन्या रूढीचा दाखला देऊन एका जहागिरीपुरतीच दाद मागता येई. ईश्वरी न्यायाचा आधार घेताच निरनिराळ्या मुलखांतील शेतकरी एका मागणीखाली उभे राहिले. श्रद्धेने येथे लढ्याला व्यापकता दिली.

आणि तरीही एंगल्स खरा ठरतो. बायबल तेच, पण ही मुक्ती आत्म्याची आहे, देहाची नव्हे, असे लूथरने बजावले आणि पुढे बंडखोरांची कत्तल करण्यास सरदारांना चिथावले. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेनला शेतकरी चिरडले गेले. २७ मे रोजी थॉमस म्युन्त्सरचा शिरच्छेद झाला. एकाच ग्रंथाचे हे दोन अर्थ का झाले, याचे उत्तर ग्रंथात सापडत नाही. ते दशमांश कोण देत होता आणि कोण घेत होता, यात सापडते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली आपल्या संतांची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. ती कोणती धर्मसुधारणा, लूथरची की मेमिंगेनची, हे त्यांना विचारावयास हवे होते! आपल्यापैकी जे वारकऱ्यांस टाळकुटे म्हणून निकालात काढतात, त्यांनाही.

एंगल्सचा शब्द बदलण्याचा अधिकार भाषांतरकारास नाही. मी ‘आवरण’ असेच ठेवले आहे. वाद घालावयाचा तो येथे, या वर्गात घालू.