मोठ्या माशांचा शेजार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



पापलेटाचे कल्ले उचलून त्याचा ताजेपणा ओळखणाऱ्या मंडळींपुढे माशांविषयी बोलणे म्हणजे काशीकरांना गंगा दाखविण्यासारखे आहे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. परंतु आजचा आमचा विषय पानातील मासळीचा नसून दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत पोहणाऱ्या माशांचा आहे. आणि तोही सर्व माशांचा नव्हे. हातभर वाढणारे जे परदेशी मासे अलीकडे आपल्या घराघरांतून दिसू लागले आहेत, त्यांच्या सोबतीला कोणते मासे ठेवावेत आणि कोणते ठेवू नयेत, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

विषय वरवर पाहता हौसेचा वाटतो. परंतु ज्या घरी मुलाने सकाळी उठून टाकीतले बारा मासे मोजले आणि ते चारच भरले, त्या घरच्या आईवडिलांना तो तसा वाटत नाही. मूल विचारते, "बाकीचे कुठे गेले?" मोठा मासा पोट तट्ट करून कोपऱ्यात निश्चल उभा असतो. निराळे उत्तर देण्याची गरज उरत नाही.

अशा प्रसंगाचे मूळ बहुधा दुकानातच असते. उदाहरणादाखल आपण ऑस्कर हा मासा घेऊ. आपल्याकडे तो फार पाळला जातो, आणि त्याच्यावरून इतरांची कल्पना येते. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. संथ, उबदार, पालापाचोळ्याने तपकिरी झालेल्या पाण्यात तो राहतो आणि लहान मासे, कोळंबी, किडे असे मिळेल ते खातो. त्याच्या शेपटीच्या मुळाशी नारिंगी कड्यात बसविलेला एक काळा ठिपका असतो, थेट डोळ्यासारखा. शेपूट कुरतडणाऱ्या पिरान्हा माशांना डोके कोणीकडे आणि शेपूट कोणीकडे याचा भ्रम पडावा, अशी निसर्गाची ही योजना असावी असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. दुकानात हा मासा दोन इंचांचा, मखमली काळसर, गोजिरवाणा असतो. वर्षभरात तो दहा इंचांपर्यंत वाढतो आणि पुढे बारा ते चौदा इंचांचा होतो. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो, घरच्या माणसांना ओळखू लागतो, काचेजवळ येऊन खाणे मागतो. थोडक्यात, तो घरातला एक होतो.

आता एक साधा हिशेब पाहा. दोन इंचांचा मासा बारा इंचांचा झाला म्हणजे तो सहापट झाला, असे आपण सहज म्हणतो. सहापट झाली ती लांबी. पण उंची आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढलेली असते. म्हणजे त्याचे वजन सुमारे २१६ पट झालेले असते. लग्न जुळविताना वराचे पाळण्यातील छायाचित्र मागविणारे घराणे आमच्या पाहण्यात नाही. माशांचा शेजार जुळविताना मात्र आपण नेमके तेच करतो. दुकानातील पिलांची एकमेकांशी तुलना करून "हे सगळे एकाच मापाचे आहेत, सुखाने नांदतील" असे ठरवितो. पाहावयाचे असते ते पूर्ण वाढलेल्या माशाचे माप, त्याचे तोंड आणि त्याचा स्वभाव.

यांत आम्ही तोंडास पहिला मान देतो. ऑस्कर आपले भक्ष्य फाडून किंवा चावून खात नाही. तो जबडा एकाएकी पुढे काढून उघडतो, त्यासरशी पाणी आत खेचले जाते आणि पाण्याबरोबर लहान मासाही आत जातो. तेव्हा प्रश्न शेजाऱ्याच्या लांबीचा नसून त्याच्या अंगाच्या उंचीचा आहे. तीन इंच लांबीचा सडपातळ मासा क्षणात नाहीसा होतो. तेवढ्याच लांबीचा, पण थाळीसारखा चपटा आणि उभट मासा पुष्कळदा वाचतो, कारण तो तोंडात मावतच नाही. निऑन टेट्रा, गप्पी, लहान बार्ब ही मंडळी ऑस्करच्या टाकीत सोडणे म्हणजे त्यांना शेजारी न करता जेवण करणे होय.

जे गिळता येते ते पचतेच असेही नाही. कोरिडोरास नावाचा एक लहानसा, तळाशी फिरणारा मिशाळ मासा "तळ साफ ठेवतो" म्हणून विकला जातो. संकट येताच तो आपल्या परांचे काटे ताठ करून रोवून धरतो. मोठ्या माशाने त्याला तोंडात घेतले की ते काटे घशात अडकतात, आणि गिळणारा व गिळला जाणारा दोघेही मरतात.

गोल्डफिशबद्दल तर आम्ही कळकळीने सांगतो की त्याला या टाकीपासून दूर ठेवावे. त्यास थंड पाणी मानवते, ऑस्करला २४ ते २८ अंशांचे उबदार पाणी लागते. मोठ्या माशाला जिवंत खाणे म्हणून गोल्डफिश घालण्याचीही एक रीत पडली आहे. त्याच्या मांसात ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक द्रव्य असते. तेच अन्न सतत मिळाले तर मोठा मासा हळूहळू दुबळा होतो. शिवाय दुकानातील रोग त्याच्याबरोबर घरी येतो तो निराळाच. घरच्या लहान मुलांसमोर हा खेळ करू नये, हे आमचे खासगी मत आहे.

मग ठेवावे तरी कोणास? आमची पहिली शिफारस सिल्व्हर डॉलर या माशाची. रुपयासारखा गोल, चंदेरी, पाचसहा इंच वाढणारा हा मासा ऑस्करच्याच प्रदेशातला असल्यामुळे दोघांना एकच पाणी चालते. तो शाकाहारी आहे. म्हणून टाकीतील वनस्पती फस्त करतो खरा, पण ऑस्कर त्या उपटून टाकणारच असतो, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तो थव्याने राहतो, म्हणून एकदोन न आणता पाचसहा आणावेत. एकटा पडलेला सिल्व्हर डॉलर कोपऱ्यात थरथरत राहतो. थवा निर्भयपणे फिरत असला म्हणजे ऑस्करलाही आसपास धोका नाही असे वाटते आणि तो लपून न बसता मोकळेपणाने वावरतो. मोठ्या माशाला लहान माशांचा असा आधार वाटावा, ही मौज पाहण्यासारखी आहे.

समान मापाचे आणि समान बळाचे दोन मासे ठेवले की भांडण मिटेल, ही समजूतही पुरती खरी नाही. जॅक डेम्प्सी हा मासा दांडगटपणाबद्दल इतका प्रसिद्ध की त्यास अमेरिकेतील एका मुष्टियोद्ध्याचे नाव पडले. अशा माशाला आणि ऑस्करला चार फुटांच्या टाकीत एकत्र ठेवले तर दोघेही सगळी टाकी आपलीच मानतात. जागेचा वाद भाऊबंदकीसारखा असतो. एकाचे पर झडेपर्यंत तो थांबत नाही.

काही मासे मात्र घरी आणूच नयेत. लाल शेपटीचा रेड-टेल कॅटफिश पिल्लू असताना देखणा दिसतो. तो तीन फुटांच्या पुढे वाढतो आणि एके दिवशी ऑस्करलाच गिळतो. दुकानात "शार्क" म्हणून जो रुपेरी मासा मिळतो तो शार्क नव्हे, तो मेकाँग नदीकडचा पंगास. भित्रा, थव्यात राहणारा, तोही तीन फुटांहून अधिक वाढणारा. काचेवर नाक आपटून घेत तो आयुष्य काढतो. हॉटेलात "बासा" या नावाने ज्याचे बिनकाट्याचे तुकडे आपण आवडीने खातो, तो पुष्कळदा हाच असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

लक्ष्मी घरात यावी म्हणून सिल्व्हर अरोवाना आणणारेही पुष्कळ आहेत. लक्ष्मीविषयी आम्ही काही बोलत नाही. मासा म्हणून पाहिले तर तो पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा, अडीच-तीन फूट वाढणारा आणि उंच उडी मारणारा आहे. टाकीवर भक्कम झाकण नसेल तर सकाळी तो जमिनीवर सापडतो. वरच्या थरात अरोवाना आणि मधल्या थरात सिल्व्हर डॉलरचा थवा हा शेजार जमतो, परंतु ज्या टाकीत अरोवाना अंग न मुडपता वळू शकत नाही त्या टाकीत तो ठेवू नये. आपल्या सदनिकांत एवढी जागा कितीजणांकडे आहे?

जागेचा विषय निघालाच आहे, तर आकडे सांगतो. एकट्या ऑस्करसाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी हवी; तीत सुमारे ३४० लिटर पाणी मावते. सिल्व्हर डॉलरचा थवा सोबत हवा असेल तर सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच टाकी घ्यावी. तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी, म्हणजे ६८० किलो वजन; काच, वाळू आणि लोखंडी चौकट निराळी. जुन्या इमारतीत लाकडी तुळयांवर राहणाऱ्यांनी आधी जाणकारास विचारावे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हा विषारी वायू पाण्यात विरघळत असतो. गाळणीत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे क्रमाने कमी घातक द्रव्यांत रूपांतर करतात, पण हे जंतू नव्या टाकीत पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. शेजारी वाढविणे म्हणजे ही घाण वाढविणे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन हायपोने मारून मगच ते टाकीत घालावे.

नवा मासा थेट टाकीत सोडू नये. तीन-चार आठवडे निराळ्या भांड्यात ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी. थवा आधी सोडावा आणि ऑस्कर मागाहून. ऑस्कर आधीच मालक होऊन बसला असेल तर त्याला भरपेट खाऊ घालून, टाकीतील दगड हलवून आणि दिवा मालवून मग नव्यांना आत घ्यावे. दगड हलले की त्याच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात.

फ्लॉवरहॉर्न या माशाला मात्र कोणताही शेजार देऊ नये. १९९०च्या दशकात मलेशियात संकर करून निर्माण केलेला हा मासा आपल्या प्रतिबिंबावरही धावून जातो. तो एकटा ठेवला म्हणून आपण निर्दय ठरत नाही.

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी आम्ही हे व्याख्यान स्वीकारले. टाकीत न मावणारा किंवा शेजाऱ्यांना छळणारा मासा पुष्कळ सज्जन "जीवदान" म्हणून नदीत किंवा तलावात सोडून येतात. "टाकी साफ करतो" म्हणून घेतलेला सकर मासा दीड फुटाचा होतो, रात्री संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो आणि स्वतःच भरपूर घाण करतो. मग त्याची पाठवणी होते. आज तो आपल्या देशातील अनेक नद्यांत व तलावांत वाढला आहे. काठांना बिळे पाडतो, कोळ्यांची जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा मगरीच्या तोंडाचा मासा सापडला. तो तेथवर पोहत आला नव्हता.

म्हणून मासा विकत घेण्यापूर्वीच दुकानदारास विचारावे, की हा मोठा झाल्यावर तुम्ही परत घ्याल काय? त्याने होकार दिला नाही, तर तो मासा तेथेच राहू द्यावा.  कोणास आपल्या टाकीविषयी काही विचारावयाचे असल्यास चहापानाच्या वेळी आम्ही येथेच आहोत. मात्र टाकीची लांबी, रुंदी आणि उंची लिहून आणावी.